फ्रेंच टोस्ट वरून करपतो, आतून गिचका राहतो? आधी मधून कापून बघा

माझं बरेच महिने एकच रडगाणं चालू होतं. टोस्ट तव्यावरून उतरवला की दिसायला एक नंबर, सोनेरी, कडा कुरकुरीत, आणि काटा मधे खुपसला की पचकन दूध बाहेर. मुलं कडा कडा खाऊन मधला भाग ताटलीत ठेवून द्यायची. मग मी पुढच्या वेळी गॅस मोठा केला, तर वरून काळा आणि आत तसाच. मग गॅस एकदम बारीक केला, तर बाहेरून वातड चामडं आणि आत पुन्हा तेच. एकदा वाटलं अंडं कमी पडतंय म्हणून दोनाची चार अंडी घातली तर ब्रेडला आमलेट चिकटवल्यासारखं काहीतरी झालं, ते तर कोणीच खाल्लं नाही.

चूक ही होत होती की प्रत्येक वेळी मी एक काहीतरी अंदाजाने बदलत होते, पण बिघडलंय नक्की काय हे बघतच नव्हते. मग एकदा वैतागून टोस्ट सुरीने मधोमध कापला आणि उजेडात धरून नीट बघितला. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की "आतून ओला" हा एक प्रॉब्लेम नाहीच, ते तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तिघांवर उपाय वेगळे. तर तुमचाही असाच होत असेल तर रेसिपी बदलायच्या आधी एक टोस्ट कापा.

कापल्यावर आत पिवळसर, बुळबुळीत, वाहणारं काही दिसलं, म्हणजे कच्चं अंडंच, तर प्रश्न आचेचा आहे. आत वाहत काही नाही, अंडं शिजलंय, पण ब्रेडची जाळी गायब होऊन सगळा लगदा झालाय, तर प्रश्न ब्रेडचा आणि दुधाचा आहे, गॅसशी कितीही खेळलात तरी जाणार नाही. आणि तव्यावरून काढला तेव्हा बरा होता पण टेबलावर येईपर्यंत सादळला, तर टोस्ट चांगलाच झाला होता, तुम्ही तो ठेवला चुकीचा.

माझा दुसऱ्या प्रकारातला होता. आणि मला वाटतं बहुतेकांचा तोच असतो, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिते.

सगळीकडे सांगतात शिळा ब्रेड घ्या. मी पण घेत होते, पाकिटातला दोन-तीन दिवसांचा ब्रेड, फ्रिजमधला. आणि तरी लगदा. कारण शिळा आणि सुका यात फरक आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ब्रेड शिळा होतो म्हणजे त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, त्यामुळे तो कडक लागतो, पण पाकीट बंद असेल तर आतलं पाणी जवळपास तसंच असतं, कुठे जाणार ते. फ्रिजमध्ये तर ही शिळं होण्याची क्रिया बाहेरच्यापेक्षा जास्त वेगाने होते, म्हणून फ्रिजमधला ब्रेड एका दिवसात कडक लागतो आणि आपल्याला वाटतं वा, सुकला. सुकलेला नसतो. आणि गंमत अशी की हा कडकपणा साधारण ६० डिग्रीच्या वर गरम केलं की बऱ्यापैकी उलटतो, म्हणून तर शिळा ब्रेड गरम केला की मऊ होतो. म्हणजे तव्यावर टोस्ट गरम होऊ लागला की तुमचा "शिळा" ब्रेड पुन्हा ताज्यासारखा मऊ होतो, फक्त आता त्याच्या पोटात दूध पण आहे. मग लगदा नाही होणार तर काय.

म्हणून पाणी खरोखर काढायचं. ओव्हन असेल तर स्लाइस जाळीवर एका थरात मांडायच्या, १२० ते १३० डिग्री, दहा-पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटायच्या. रंग यायला नको, फक्त हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर, तेलतूप काही नाही, अगदी मंद आचेवर दोन्हीकडून दोन-तीन मिनिटं. किंवा रात्री स्लाइस जाळीवर उघड्या ठेवून द्या, सकाळी तयार. टोस्टरमध्ये घालायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण टोस्टर वरचा थर झटकन भाजतो आणि आतला तसाच मऊ ठेवतो, म्हणजे उलटंच, वर आधीच रंग आलेला आणि तो तव्यावर अजून करपणार. अगदीच घाई असेल तर सगळ्यात कमी नंबरवर ठेवून, पण मी नाही करत.

एवढं एक केलं आणि माझा निम्म्याहून जास्त प्रॉब्लेम गेला, बाकी काहीही न बदलता.

उरलेला दुधात होता. मी दोन अंड्यांना एक कप दूध घेत होते, चार स्लाइससाठी. आता हिशोब करून बघा. कवच काढलेलं एक अंडं साधारण ५० ग्रॅम, दोन अंडी १००, कपभर दूध २४० च्या आसपास, झालं ३४० ग्रॅम. भागिले चार, म्हणजे एका स्लाइसच्या वाट्याला ८५ ग्रॅम, आणि नेहमीची पातळ स्लाइस स्वतः असते २५-३० ग्रॅमची! ती बिचारी स्वतःच्या तिप्पट वजनाचं पाणी पिऊन उभी कशी राहणार. आणि हो, पाणीच म्हणायचं, कारण दुधात ८७-८८ टक्के पाणी असतं आणि अंड्यातही पाऊण भाग पाणीच. अर्थात सगळं मिश्रण ब्रेडमध्ये जात नाही, थोडं भांड्यात उरतं, पण मी तर हावरटासारखी उरलेलं वरून ओतायचे, वाया कशाला घालवा म्हणून.

शिवाय दूध वाढलं की अंडं उशिरा धरतं. नुसतं फेटलेलं अंडं सत्तर-त्र्याहत्तर डिग्रीला घट्ट होतं, पण त्यात भरपूर दूध असेल तर तेच मिश्रण धरायला ८० च्या वर जावं लागतं, कारण धरून ठेवणारं प्रोटीन तेवढंच आणि धरायचं पाणी जास्त. म्हणजे दूध जास्त घालून आपण दोन्हीकडून मार खातो, आत ओल पण जास्त आणि ती धरायला उष्णता पण जास्त लागते.

आता मी दोन अंड्यांना अर्धा कप दूध घेते, १२० मिली, बास. फार तर एखादा चमचा इकडेतिकडे. दूध सायीसकट असेल तर उत्तम, अगदी पातळ दूध घेऊन मग "क्रीमी होत नाही" म्हणू नका. चिमूटभर मीठ घालाच, गोड असला तरी घाला, नाहीतर चव सपाट लागते. ब्रेड फार पातळ असेल तर यात एक टेबलस्पून मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून बघा, बाहेरचा थर जरा धरतो आणि आत दूध कमी शिरतं. पण एकच टेबलस्पून, दोन-तीन घातलेत तर ब्रेड घातलेला पॅनकेक होईल.

भिजवण्याचं काय, तर नेहमीची सेंटिमीटरभर जाडीची स्लाइस, एका बाजूने १०-१५ सेकंद, उलटी, परत १०-१५ सेकंद, उचल. दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि नीट सुकवलेली असेल तर एका बाजूला मिनिटभर, कधी थोडं जास्त पण चालतं. फोन घेऊन टायमर लावत बसू नका, उचलून बघा. स्लाइस थोडी वाकली पाहिजे पण तुटायला नको, आणि भांड्यावर धरली की दोन-तीन सेकंदात ठिबकणं थांबलं पाहिजे. धार लागून राहिली असेल तर जास्त प्यायली. अशी स्लाइस टाकून देऊ नका, जाळीवर दोन मिनिटं निथळत ठेवा, सावरते बऱ्याचदा. आणि आधी सगळ्या स्लाइस भिजवून ताटात रचून मग तवा तापवायला घेणं हे बंद करा, मी ते करायचे, शेवटची स्लाइस तव्यावर जाईपर्यंत तिची खीर झालेली असायची. एकीकडे भिजव, एकीकडे तव्यावर टाक.

कोणता ब्रेड, हा प्रश्न येणारच. माझं मत, जाड कापलेला साधा दूध-ब्रेड बेस्ट. ब्रिओशसारखा अंडं-लोण्याचा ब्रेड चवीला भारीच आहे पण त्यात साखर आणि फॅट आधीच असते म्हणून तो फार लवकर रंग धरतो, आच अजून कमी ठेवावी लागते. मोठ्या भोकांचा सावरडो (नैसर्गिक खमिराने आंबवलेला ब्रेड) असेल तर मिश्रण भोकांतून तव्यावर गळतं आणि खाली आमलेटची झालर तयार होते. एकदम पातळ सँडविच ब्रेड असेल तर त्याच्याकडून आत कस्टर्डसारखं मऊ वगैरे अपेक्षा ठेवूच नका, त्यात जागाच नाही तेवढी, पटकन बुडवा आणि कुरकुरीत करून खा.

आता पहिला प्रकार, आत खरंच कच्चं अंडं. हा बहुतेक जाड स्लाइसला होतो आणि कारण एकच, आच मोठी. काय होतं ना, भिजलेल्या स्लाइसचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत १०० डिग्रीच्या पुढे जात नाही, पाणी उडून गेलं की मग तापमान झपाट्याने वर जातं आणि १४० च्या पुढे तो छान तपकिरी रंग यायला लागतो. मोठ्या आचेवर ही वरची कातडी मिनिटभरात सुकते आणि रंगते, पण आतपर्यंत उष्णता पोचायला तिचा वेळ लागतोच, तिला घाई नसते. म्हणून मध्यमपेक्षा थोडी कमी आच, पातळ स्लाइसला एका बाजूने तीनेक मिनिटं, जाडीला चार-पाच. जर दीड मिनिटातच खालून गडद दिसला तर आच जास्त आहे, एवढं साधं गणित.

तवा तापला का बघायला पाण्याचा थेंब टाका, चर्र करून एक-दोन सेकंदात उडाला तर ठीक. थेंब गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला तर तवा फार तापलाय, गॅस बंद करून जरा थांबा.

जाड स्लाइसला तव्यावर रंग आणून मग १८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सहा-आठ मिनिटं दिली की हा प्रश्न कायमचा मिटतो. ओव्हन नाही तर तव्यावर मिनिटभर झाकण ठेवा, आतली वाफ मधला भाग शिजवेल, पण मग झाकण काढून दोन्ही बाजू परत अर्धा-अर्धा मिनिट सुकवायला विसरू नका, नाहीतर वाफेने वरचा कुरकुरीतपणा गेला. शिजलाय की नाही याची खात्री हवी असेल आणि घरी किचन थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून बघा, अंड्याच्या सेफ्टीसाठी निदान ७१ डिग्री हवेत. नसेल तर बोटाने मधे हलकेच दाबा, स्पंजसारखा वर आला पाहिजे, खड्डा पडून तसाच राहिला किंवा बाजूने काही बाहेर आलं तर अजून ठेवा.

यातच एक उपप्रश्न: पहिला घाणा मस्त आणि दुसरा काळा. जाड बुडाचा तवा असेल तर हमखास होतं, कारण तो उष्णता साठवून ठेवतो आणि तुम्ही गॅस तसाच ठेवलेला असतो. शिवाय पहिल्या घाण्याचं बटर तव्यावर राहून जळलेलं असतं आणि ते काळे ठिपके दुसऱ्या टोस्टला चिकटतात. प्रत्येक घाण्यानंतर गॅस थोडा कमी करा, तवा टिश्यूने पुसा, हात सांभाळून, आणि नवीन बटर घाला.

बटरबद्दल एक गैरसमज आहे तो सांगते कारण मी पण वर्षानुवर्षं तेच करत होते. "बटरमध्ये थोडं तेल घाला म्हणजे बटर जळत नाही." जळतं हो. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट, बाकी पाणी आणि थोडे दुधाचे घन कण, आणि जळतात ते हे कण. तेल घातलं म्हणून त्यांचं जळायचं थांबत नाही, फक्त प्रमाण विरळ होतं. बटर फेसाळतं ती पाण्याची वाफ असते, फेस बसत आला की स्लाइस टाकायची, तीच बरोबर वेळ. आणि जळायची एवढीच भीती असेल तर सरळ तूप वापरा, त्यातून पाणी आणि ते कण दोन्ही काढलेले असतात, बराच वेळ मान टाकत नाही. वरून चवीला काढताना बटरचा तुकडा फिरवा.

साखर पण जळते. मिश्रणात दोन अंड्यांना एक टेबलस्पूनच्या वर साखर घालू नका, आणि मध तर घालूच नका, मधातलं फ्रुक्टोज साध्या साखरेच्या आधीच तपकिरी होऊन करपतं. गोड जास्त हवं तर ताटलीत घ्या ना वरून, कोण अडवतंय.

तिसरा प्रकार, सादळणारा, यात सांगण्यासारखं फार नाही. गरम टोस्ट सपाट ताटलीत ठेवला की खालची वाफ अडकते आणि खालची बाजू ओली होते, आणि एकावर एक रचले तर सगळेच ओले. जाळीवर ठेवा, एकमेकांना न चिकटता. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ९०-९५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवले तर अर्धा तास आरामात टिकतात. आणि डब्यात भरून झाकण लावणार असाल तर कुरकुरीतपणाची अपेक्षा सोडा.

आता बारीकसारीक तक्रारी. टोस्टवर पांढरे धागे-ठिपके दिसतात, ते न फेटलेलं अंड्याचं पांढरं. आधी नुसती अंडी मीठ घालून काट्याने चांगली फेटा आणि मग हळूहळू दूध घाला, एकदम सगळं ओतलं की पांढरं दुधात पळत राहतं आणि सापडत नाही. फारच नीट हवं तर गाळणीतून गाळा. दालचिनीची पावडर वर तरंगते आणि सगळी पहिल्याच स्लाइसला चिकटते, बाकीच्या कोरड्या, तर ती आधी साखरेत मिसळून मग अंड्यात फेटा, तरीही प्रत्येक स्लाइस बुडवायच्या आधी एकदा ढवळा. मिश्रणात वितळलेलं बटर घालायचं असेल तर दूध कोमट असू द्या, फ्रिजमधल्या थंड दुधात बटर गेलं की त्याच्या गुठळ्या. अंड्याचा वास येतो म्हणणाऱ्यांनी आधी अंडी मोजा, दूध अगदीच कमी आणि अंडी जास्त असली की आमलेटचाच वास येणार, त्यावर व्हॅनिला किती ओतणार? दोन अंड्यांना अर्धा टीस्पून पुरतो.

अंडं न घालता करणाऱ्यांसाठी कस्टर्ड पावडर चालते, एक कप दुधाला दोन टेबलस्पून. (ही पावडरच मुळात अंडं चालत नाही म्हणून जन्माला आली, आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्लिश औषधविक्रेत्याने १८३७ मध्ये बायकोला अंड्याची अॅलर्जी होती म्हणून बनवली, ती मूळची कॉर्नफ्लोअरची.) पण इथे धरणारी गोष्ट प्रोटीन नाही, स्टार्च आहे, आणि त्याला अंड्यापेक्षा बरंच जास्त गरम व्हावं लागतं, उकळीच्या जवळपास. म्हणून जाड स्लाइस घेतली तर आत कच्ची पिठूळ चव राहते. पातळ स्लाइस घ्या, पटकन बुडवा, आणि पावडर खाली बसते तेव्हा प्रत्येक वेळी तळापासून ढवळा. वरचा कपभर दुधाचा हिशोब इथे लागू नाही कारण स्लाइस भांड्यात राहतच नाही फार वेळ, बरंचसं मिश्रण उरतं.

फ्रेंचमध्ये याला "पॅं पेर्द्यू" म्हणतात, म्हणजे वाया गेलेला ब्रेड, तो वाचवायचा म्हणून हा पदार्थ. माझ्याकडे इतके महिने ब्रेड आधी बरा असायचा आणि टोस्ट करून वाया जायचा, हे वेगळं.

आणि आत्ता, हे वाचताना ज्यांच्या समोर ताटलीत गिचका टोस्ट आहे त्यांनी: मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तो आतून अजून ओला आणि कडेने वातड होईल. कोरड्या तव्यावर एकदम मंद आचेवर परत ठेवा, झाकण न ठेवता, दोन्हीकडून तीन-चार मिनिटं. कच्चं अंडं असेल तर नक्की सुधारतो. लगदा असेल तर पहिल्यासारखा होणार नाही, पण त्याच्या बोटभर पट्ट्या कापून चारी बाजूंनी भाजल्या तर बऱ्या लागतात, आमच्याकडे तर आता मुलं मुद्दाम तशाच मागतात. भांड्यात उरलेलं अंडं-दूध मात्र उद्यासाठी ठेवू नका, लगेच त्याच तव्यावर ओतून ढवळा आणि संपवा.